मॅग्नेटोची चावी

फलटण तालुक्यात नीरेच्या काठाला आमची थोडी जमीन आहे. विहिरीवर विजेची मोटर आहे, पण नदीकडच्या दोन एकरांच्या तुकड्यापर्यंत वीज पोहोचलेली नाही. त्यामुळे त्या तुकड्याला पाणी देण्यासाठी आम्ही पंपाचे छोटे, एका सिलिंडरचे, फोर-स्ट्रोक इंजिन वापरतो. मुळात ते पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे इंजिन आहे; रॉकेल मिळेनासे झाल्यापासून ते पेट्रोलवरच चालते. त्याला बॅटरी नाही, स्टार्टर नाही. पुलीला दोरी गुंडाळायची, जोरात ओढायची आणि त्या एका ओढीत इंजिनाने आपली ठिणगी आपणच तयार करायची, अशी त्याची रचना आहे. ठिणगी तयार करणाऱ्या या भागाला मॅग्नेटो म्हणतात. गेल्या फेब्रुवारीत, कांद्याची शेवटची दोन पाणी राहिलेली असताना, हे इंजिन बंद पडले. ते पुन्हा चालू होईपर्यंतच्या सहा दिवसांत मॅग्नेटो मला जितका समजला, तितका तो शाळेत तीस वर्षे विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवताना समजला नव्हता. फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रे, जुन्या मोपेड अशा कितीतरी ठिकाणी याच तत्त्वावर ठिणगी पडते, आणि तो भाग उघडून समजावून सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत. म्हणून जे पाहिले ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

आमच्या भागात इंजिन दुरुस्त करणाऱ्यांची वाण नाही, पण त्यांतील बहुतेकांचा हात डिझेलवर बसलेला आहे. आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी ‘इंजिन’ म्हणजे ऑइल इंजिन. त्यात ठिणगी लागतच नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने फवारलेले डिझेल पेटते. पेट्रोलच्या इंजिनात मात्र हवा आणि पेट्रोलच्या वाफेचे मिश्रण आधीच आत आलेले असते आणि ते ठरावीक क्षणी पेटवण्यासाठी बाहेरून ठिणगी द्यावी लागते. त्यामुळे गावातल्या डिझेलच्या मिस्त्रींनी इंजिन पाहिले, दोरी ओढली, दाब चांगला असल्याचे सांगितले आणि पुढचे आपले काम नाही हे मोकळेपणाने मान्य केले.

पहिले दोन दिवस माझे चुकीच्या दिशेने गेले. मी प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा भाग, काढून त्याच्या टोपीत बसवला, प्लगचे अंग सिलिंडरच्या हेडला टेकवून धरले आणि पुतण्याला दोरी ओढायला सांगितली. प्लगच्या टोकांमध्ये ठिणगी दिसली. फिकट, पिवळसर आणि बारीक होती, पण होती. त्यावरून ठिणगीची बाजू ठीक आहे असे मी धरून चाललो आणि हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बुरेटर खोलला. जेट साफ केले, फ्लोट पाहिला, टाकीतले पेट्रोल बदलले. इंजिन एखाद्या वेळी ठसकल्यासारखे करायचे आणि पुन्हा गप्प व्हायचे. कांद्याच्या माना उन्हाने पडू लागल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन टेम्पोत टाकले आणि फलटणला एका जुन्या मिस्त्रींकडे नेले. सत्तरीच्या पुढचे हे गृहस्थ पूर्वी मोपेड आणि स्कूटरचेच काम करत असत. आता ते बहुतेक वेळ दुकानात नुसते बसलेले असतात.

ठिणगी दिसते हे माझे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले आणि प्लग बाजूला ठेवून दिला. त्यांच्याकडे लाकडाची एक लहान फळी होती. तिच्यावर दोन खिळे समोरासमोर ठोकलेले होते आणि त्यांच्या टोकांमध्ये पाच-सहा मिलिमीटर अंतर होते. एका खिळ्याला त्यांनी प्लगची वायर लावली, दुसरा खिळा वायरने इंजिनाच्या अंगाला जोडला आणि दोरी ओढायला सांगितली. काहीच उडाले नाही. मग त्यांनी तीच फळी दुकानात उभ्या असलेल्या एका जुन्या स्कूटरला लावून किक मारली. निळी-पांढरी ठिणगी टक्‌ असा आवाज करून खिळ्यांमधून उडाली. “बघितलं का गुरुजी,” ते म्हणाले, “तुमच्याला करंट हाय, पण त्याच्यात जीव न्हाय. भायेर दिसतोय तेवढाच. आत गेला की मरतोय.”

हे वाक्य माझ्या विषयातले होते आणि तरीही मला सुचले नव्हते. उघड्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, म्हणजे प्लगच्या पाऊण मिलिमीटरच्या फटीसाठी बाहेर दोन-सव्वादोन हजार व्होल्टही पुरतात. सिलिंडरच्या आत मात्र मिश्रण चार-पाच पट दाबलेले असते; वायू जितका दाट तितकी त्याच्यातून ठिणगी उडवणे अवघड, त्यामुळे त्याच फटीला तिथे आठ-दहा हजार व्होल्टांची गरज पडू शकते. प्लग बाहेर काढून पाहिलेली ठिणगी म्हणूनच फसवी असते. सहा मिलिमीटरच्या फटीतून उडणारी ठिणगी आतही उडेल याची बऱ्यापैकी खात्री देता येते. ज्यांच्याकडे असे इंजिन आहे त्यांनी ही दोन खिळ्यांची फळी जरूर करून ठेवावी. मिस्त्रींनी एक ताकीदही दिली: प्लगची वायर नुसती लोंबकळत ठेवून कधीही दोरी ओढू नये, कारण बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तो विजेचा दाब कॉइलच्या, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यांच्या, आतले इन्सुलेशन फोडून वाट काढतो.

यानंतर त्यांनी सर्वांत सोपी शक्यता आधी तपासली. इंजिन बंद करण्याच्या बटणाची वायर त्यांनी कॉइलपासून सोडवली. बॅटरीच्या गाडीत चावी बंद केली की वीज तुटते आणि ठिणगी थांबते. मॅग्नेटोत नेमके उलटे असते. तिथे वीज बाहेरून येतच नाही, ती फिरणाऱ्या चुंबकातून जन्मते, म्हणून ती तोडण्याला अर्थ नसतो. बंद करायचे तर कॉइलची वीज इंजिनाच्या अंगाशी जोडून वाया घालवावी लागते. म्हणजे मॅग्नेटोचे बटण दाबल्यावर जोडणी होते, तुटत नाही. त्या बटणाच्या वायरचे आवरण कुठे घासले आणि तार पत्र्याला टेकली की इंजिन कायमचे ‘बंद’ अवस्थेत राहते. आमच्या इंजिनात हा दोष नव्हता; वायर सोडवूनही खिळ्यांमधून काही उडाले नाही.

आता पंख्याचे आवरण काढले. आत फ्लायव्हील दिसले. मिस्त्री लोक या अख्ख्या चाकालाच ‘मॅग्नेट’ म्हणतात, कारण त्याच्या कडेत चुंबक बसवलेला असतो. चाकावर पाती ओतलेली असतात, त्यामुळे तेच पंख्याचेही काम करते. चाकाच्या बाहेर, कडेपासून अगदी जवळ, पातळ लोखंडी पत्र्यांचा थर लावून केलेला गाभा आणि त्याच्यावर कॉइल होती. मिस्त्रींनी पेचकसाचे पाते चुंबकासमोर पाऊण इंचावर धरले. ते झटकन ओढले गेले. चुंबक शाबूत होता. माझ्या मल्टिमीटरने कॉइल तपासली. आतल्या जाड तारेच्या गुंडाळीचा रोध एक ओहमच्याही आत आला आणि बाहेरच्या, केसासारख्या बारीक तारेच्या गुंडाळीचा काही हजार ओहम. दोन्हींत तुटलेले काही नव्हते.

ही यंत्रणा ठिणगी कशी तयार करते ते इथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा उलगडा त्यावरच उभा आहे. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात: जाड तारेच्या पहिल्या गुंडाळीचे वेढे शे-दोनशे, आणि बारीक तारेच्या दुसऱ्या गुंडाळीचे दहा हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. फ्लायव्हील फिरताना चुंबक गाभ्यासमोरून जातो, तेव्हा गाभ्यातून जाणाऱ्या चुंबकीय रेषा आधी एका दिशेने आणि लगेच उलट दिशेने वळतात. फॅराडेने १८३१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे हा बदल होताना गुंडाळीत वीज निर्माण होते. परंतु नुसता चुंबक पुढून गेल्याने हाती येते ती वीज अगदी थोड्या व्होल्टांची. तिने प्लगमध्ये काहीच उडणार नाही. इथे पॉइंट कामाला येतात. पॉइंट म्हणजे टंगस्टनची टोके असलेला एक छोटा स्विच, जो क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरवलेल्या मुख्य दांड्यावरचा उंचवटा प्रत्येक फेरीत एकदा उघडतो. मिस्त्री त्याला ‘सीबी पॉइंट’ म्हणतात. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा पहिल्या गुंडाळीचे वर्तुळ पूर्ण असते आणि तिच्यात प्रवाह वाहू लागतो. लेंझच्या नियमाप्रमाणे हा प्रवाह, ज्या बदलामुळे तो निर्माण झाला, त्या बदलालाच विरोध करतो: चुंबक पुढे निघून गेला, रेषांनी उलटे वळायला हवे, तरी हा प्रवाह गाभ्यातली जुनी दिशा धरून ठेवतो. दार आतून घट्ट धरून ठेवावे आणि बाहेरून जोर वाढत जावा, तशी ती स्थिती असते. हा जोर सर्वांत जास्त झालेला असतानाच पॉइंट उघडतात. प्रवाह एकदम तुटतो, धरून ठेवलेले क्षेत्र क्षणात कोसळून उलटे होते, आणि या अतिशय जलद बदलामुळे दुसऱ्या गुंडाळीच्या हजारो वेढ्यांत दहा-पंधरा हजार व्होल्ट उभे राहतात. पॉइंटना समांतर जोडलेला कंडेन्सर, ज्याची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरॅड असते, प्रवाह तुटतानाचा धक्का झेलतो. तो नसला तर पॉइंटमध्येच ठिणगी उडत राहील, प्रवाह हळूहळू तुटेल आणि प्लगपर्यंत काही पोहोचणार नाही.

यातल्या ‘सर्वांत जास्त झालेला असतानाच’ या शब्दांकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत चुंबक असतो, गुंडाळी असते, बाण असतात; क्षण नसतो. मॅग्नेटोत दोन वेळा एकमेकींशी जुळाव्या लागतात. पॉइंट उघडायचे ते पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या वीसेक अंश आधी, कारण मिश्रण पेटायला थोडा अवधी लागतो; आणि त्याच क्षणी चुंबकही गाभ्यापासून नेमक्या अशा अंतरावर गेलेला हवा, की पहिल्या गुंडाळीतला प्रवाह शिखरावर असेल. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाला एक फेरी वीस मिलिसेकंदांत होते, म्हणजे अठरा अंश जायला अवघा एक मिलिसेकंद लागतो. दोन्ही वेळा जुळतात की नाही, याचा निर्णय या एवढ्याशा काळाच्या आत होतो.

मी मल्टिमीटर काढल्यावर मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली. पॉइंट केव्हा उघडतात हे पाहायला मी सरळ त्यांच्या वायरवर मीटर लावला, तर तो सतत वाजतच राहिला. कॉइलची पहिली गुंडाळी एक ओहमच्याही आतली असल्यामुळे पॉइंट उघडे असोत वा मिटलेले, मीटरला जोडणी पूर्णच दिसते. कॉइलचे टोक सोडवून पुन्हा मीटर लावला, तेव्हा फ्लायव्हील हाताने हळूहळू चालत्या दिशेने फिरवल्यावर एका जागी आवाज थांबला. तिथेच चाक धरून ठेवले आणि मी खिशातल्या खडूने गाभ्याच्या कडेसमोर चाकावर एक रेघ ओढली.

मग नट सोडायची वेळ आली, आणि पाना लावताच तो जवळजवळ हातानेच फिरला. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिले. पुलर लावून त्यांनी फ्लायव्हील ओढून काढले आणि चाकाच्या आतल्या खाचेवर बोट ठेवले. चाक आणि दांडा यांच्यामध्ये अर्धचंद्राच्या आकाराची एक छोटी चावी असते. ती अर्धी दांड्याच्या खाचेत आणि अर्धी चाकाच्या खाचेत बसते, म्हणजे चाक दांड्यावर एकाच जागी बसू शकते. आमच्या इंजिनाची चावी मधोमध चिरली गेली होती. वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यापासून दीड मिलिमीटर बाजूला सरकला होता आणि तिथे एक पायरी तयार झाली होती. दिवसाच्या उजेडातही ती पायरी मला नखाने चाचपूनच कळली.

दीड मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. दांड्याचा व्यास चावीच्या जागी वीस मिलिमीटर आहे. त्या घेरावर दीड मिलिमीटर म्हणजे सुमारे साडेआठ अंश. फ्लायव्हीलच्या कडेवर, जिथे चुंबक आहे, तिथे तेच सरकणे तेरा मिलिमीटरच्या जवळ जाते. पॉइंट उघडत होते योग्य क्षणी, कारण ते दांड्यावरच्या उंचवट्याने उघडतात आणि दांडा आपल्या जागी होता. चुंबक मात्र तेरा मिलिमीटर चुकीच्या जागी होता. पॉइंट उघडण्याच्या क्षणी प्रवाह शिखरावर नव्हता, आणि म्हणून ठिणगी पडत होती पण तिच्यात जीव नव्हता.

मिस्त्रींनी त्यावर जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटले. चावी तुटली तर सगळ्या इंजिनांत सारखाच दोष दिसत नाही. पुष्कळ जुन्या स्कूटरमध्ये पॉइंट उघडणारा उंचवटा फ्लायव्हीलच्याच आतल्या भागावर असतो. तिथे चावी सरकली तर चुंबक आणि पॉइंट दोघेही एकत्र सरकतात, ठिणगी जोरदारच राहते, पण पिस्टनच्या हिशेबाने अवेळी पडते आणि गाडी किकला उलट मारते. नव्या, पॉइंट नसलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतही चुंबकच क्षण ठरवतो, म्हणून तिथेही असेच होते. आमच्यासारख्या, दांड्यावर उंचवटा असलेल्या इंजिनात ठिणगी वेळेवर पडते, पण दुबळी. दोष एकच, लक्षणे उलटी. हे माहीत नसेल तर माणूस कॉइल बदलतो, कंडेन्सर बदलतो, प्लग बदलतो आणि शेवटी इंजिन भंगारात घालतो.

चावी का तुटली याचेही उत्तर तिथेच होते. आदल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही या इंजिनाचे ऑइल सील बदलून घेतले होते. त्या वेळी चाक हातोडीने ठोकून काढल्याच्या खुणा त्याच्या मध्यभागी दिसत होत्या, दांड्याच्या निमुळत्या भागावर तेलाचा थर होता आणि नट पुरेसा आवळलेला नव्हता. चावी जोर घेण्यासाठी नसतेच. जोर घेतो तो दांड्याचा निमुळता भाग. चाक त्याच्यावर कोरडे आणि घट्ट बसले पाहिजे. चावी फक्त जागा दाखवते. चाक सैल राहिले की सगळा झटका त्या एवढ्याशा चावीवर येतो आणि ती तुटते. तिने तुटावे हेच बरे असते. मिस्त्रींच्या दुकानात कडक पोलादाचा तुकडा होता, तो घासून चावी करता आली असती. त्यांनी ठाम नकार दिला. “कडक चावी घातली तर ती वाचंल आन्‌ दांडा जाईल. तीस रुपयाच्या चावीपायी क्रँक बदलायचा का?”

नेमक्या मापाची चावी फलटणमध्ये मिळाली नाही, म्हणून चौथ्या दिवशी मी बारामतीला गेलो. तिथल्या विमानतळावर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते आणि माझा एक जुना विद्यार्थी लहान विमानांच्या देखभालीचे काम करतो. चावी मिळाल्यावर त्याच्याकडे गेलो आणि त्याला खिशातली तुटकी चावी दाखवली. नदीकाठी काम करताना जी एका इंजिनाची छोटी विमाने वर्षानुवर्षे डोक्यावरून जाताना पाहिली, त्यांच्या इंजिनातही मॅग्नेटोच असतो हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. त्याने सांगितले की तिथे प्रत्येक इंजिनाला दोन मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात; विमानातली सगळी वीज गेली, बॅटरी मेली, तरी इंजिन चालत राहिले पाहिजे, यासाठी ही जुनी यंत्रणा आजही टिकून आहे. दोरी हळू ओढली तर आमच्या इंजिनात ठिणगी पडत नाही, कारण चुंबक वेगाने जायला हवा. हीच अडचण विमानाचे इंजिन सुरू करतानाही येते. तिथे मॅग्नेटोच्या दांड्याला स्प्रिंगची एक जोडणी असते. ती आधी चुंबकाला अडवून धरते, स्प्रिंग ताणली जाते, आणि मग त्याला झटक्यात सोडते, त्यामुळे इंजिन सावकाश फिरत असतानाही ठिणगी जोरदार मिळते आणि थोडी उशिराने पडते.

उड्डाणापूर्वीच्या तपासणीबद्दल त्याने जे सांगितले, ते माझ्या मनात घर करून राहिले आहे. सेस्ना १७२ सारख्या विमानात वैमानिक इंजिन मिनिटाला १७००-१८०० फेऱ्यांवर नेतो आणि एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो. एकावर चालताना फेऱ्या थोड्या कमी होतात. ही घट सव्वाशे-दीडशेच्या आत हवी आणि दोन्ही मॅग्नेटोंच्या घटींतला फरक पन्नासहून जास्त नको. नेमके आकडे त्या त्या विमानाच्या पुस्तिकेत असतात. मी सहज म्हणालो की घट अजिबात झाली नाही तर उत्तमच. तो लगेच म्हणाला, “नाही सर, ते सगळ्यांत वाईट.” घट झाली नाही याचा अर्थ मॅग्नेटो बंदच झाला नाही, म्हणजे त्याला अंगाशी जोडणारी वायर तुटलेली असू शकते. असे विमान किल्ली बंद करून उभे असले तरी त्याचा पंखा हाताने फिरवणाऱ्यावर इंजिन अचानक सुरू होऊ शकते. फलटणला मिस्त्रींनी सोडवलेली ती बटणाची वायर मला आठवली. तेव्हापासून फ्लायव्हीलला हात लावण्यापूर्वी मी प्लगची वायर काढून इंजिनाच्या अंगाला टेकवून ठेवतो, बटण बंद असले तरीही.

परतीच्या एसटीत मला वाटत राहिले की माझ्या वर्गात ही माहिती यायला हवी होती. रॉबर्ट बॉश यांनी १८८७ मध्ये एका स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला. त्यांचेच सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये दोन गुंडाळ्यांचा, प्लगला उच्च दाब देणारा मॅग्नेटो तयार केला. त्याआधी पुष्कळ इंजिनांत ज्योतीने लाल केलेली नळी मिश्रण पेटवत असे, आणि पेटण्याचा क्षण तिच्याकडून नीट ठरत नसे. १९०३ मध्ये राइट बंधूंचे विमान उडाले, तेही मॅग्नेटोच्याच ठिणगीवर. फॅराडे शिकवताना मी ट्रान्सफॉर्मर आणि डायनॅमो सांगत आलो, पण मुलांच्या घरी फवारणीच्या पंपात जो फॅराडे फिरत होता, तो मी त्यांना कधी दाखवला नाही.

पाचव्या दिवशी जोडणी केली. मी मिस्त्रींना विनंती केली की पॉइंटना हात लावण्याआधी नवी चावी घालून फ्लायव्हील एकदा तात्पुरते बसवू या, कारण पॉइंटची फट बदलली तरी उघडण्याचा क्षण बदलतो, आणि मग कशामुळे काय झाले हे कळणार नाही. फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतात, कमी केली की उशिरा. त्यांनी मान्य केले. चाक बसवले, मीटर लावला, आवाज थांबला त्या जागी दुसरी रेघ ओढली. खडूच्या दोन रेघांमध्ये पट्टीने मोजले: तेरा मिलिमीटर. हिशेब आणि लोखंड एकमेकांशी इतके जुळलेले मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिले आहे. मिस्त्रीही वाकून पट्टीकडे पाहत होते. त्यांनी ते कधी मोजले नव्हते, त्यांच्या हातांना ते ठाऊक होते.

त्यानंतरचे काम शांतपणे झाले. दांड्याच्या निमुळत्या भागावर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून, चावी न घालता, चाक हाताने मागे-पुढे घासून दोन्ही पृष्ठभाग एकमेकांशी बसवले आणि पेट्रोलने धुऊन पूर्ण कोरडे केले. पॉइंटच्या एका टोकावर बारीक खड्डा आणि दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा आला होता. तो बारीक पॉलिश पेपरने सपाट करून कोऱ्या कागदाने पुसला, कारण पॉइंटवर तेलाचे बोट लागले तरी ठिणगी जाते. पुस्तिकेत फट ०.३ ते ०.४ मिलिमीटर दिली होती, ती ०.३५ ठेवली. कंडेन्सर सोडवून मिस्त्रींच्या काट्याच्या मीटरवर पाहिला; काटा एकदा उसळला आणि परत जागेवर गेला, म्हणजे तो चांगला होता. फ्लायव्हील बसवून नट टॉर्कच्या पान्याने आवळला. आवळताना चाक पट्ट्याने धरले, पात्यांत पेचकस अडकवून नव्हे, कारण पाते तुटले की चाकाचा तोल जातो.

शेवटी कॉइल. गाभा आणि चाक यांतली फट पाव मिलिमीटरच्या आसपास हवी, आणि त्यासाठी मिस्त्रींनी ड्रॉवरमधून एक जुने पोस्टकार्ड काढले. कॉइलचे दोन स्क्रू सैल केले, चुंबक गाभ्यासमोर आणला, मध्ये पोस्टकार्ड सरकवले. चुंबकाने गाभा स्वतःकडे खेचून कार्डावर घट्ट दाबला, तसेच स्क्रू आवळले आणि चाक फिरवून कार्ड काढून घेतले. कार्डावर चुंबकाच्या कडेचा ठसा उमटला होता. फळी लावून दोरी ओढली. सहा मिलिमीटरच्या फटीतून निळी ठिणगी टक्‌ करून उडाली. मिस्त्रींनी पुन्हा एकदा ओढायला लावली आणि मगच मान हलवली.

सहाव्या दिवशी सकाळी इंजिन नदीवर नेले. दुसऱ्या ओढीला ते सुरू झाले आणि पाऊण तासाने कांद्याच्या वरच्या वाफ्यात पाणी पोहोचले. चार तास चालवल्यानंतर ते बंद करून पूर्ण थंड होऊ दिले, आवरण काढले आणि नट पुन्हा तपासला. तो जागचा हलला नव्हता. आवरणाच्या आतल्या बाजूला मी रंगाने तारीख, पॉइंटची फट आणि नट आवळलेला जोर लिहून ठेवला, आणि बटणाच्या वायरचे घासलेले आवरण नव्या टेपने गुंडाळून घेतले.